मनातली संख्या ओळखण्याचे खेळ: त्यामागचे गणित आणि ते करून दाखवण्याची रीत

गणेशोत्सवात पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम असतो आणि त्यात ‘मनात एक संख्या धरा’ असे म्हणणारे कोणीतरी बहुधा असतेच. प्रेक्षकांतल्या एखाद्या काकूंना थोडी आकडेमोड करायला लावली जाते, त्या उत्तर सांगतात किंवा सांगतही नाहीत, आणि समोरचा संख्या बिनचूक ओळखतो. हा खेळ स्वतः करून दाखवण्याची ज्यांना इच्छा आहे त्यांच्यासाठी ही माहिती आहे. त्यासाठी आठवीपर्यंतचे बीजगणित पुरते आणि पाठांतर जवळजवळ लागत नाही. एक गोष्ट मात्र आधी नीट समजून घ्यावी लागते. अशा खेळांत मनातली संख्या कधीच वाचली जात नाही. एक तर ती आकडेमोडीत नाहीशी केलेली असते, किंवा ती उत्तरात जशीच्या तशी बसलेली असून तिच्यावर दुसऱ्या एखाद्या संख्येची झूल घातलेली असते, किंवा मग प्रेक्षकाने स्वतःच ती सांगून टाकलेली असते आणि आपण सांगितले हे त्याला उमगलेले नसते. हातातला खेळ यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे कळले, की तो करता येतो, बदलता येतो आणि नवा रचताही येतो.

संख्या नाहीशी करण्याचा सर्वांत सोपा प्रकार असा. प्रेक्षकाने मनात कोणतीही संख्या धरावी, तिची दुप्पट करावी, त्यात १८ मिळवावेत, बेरजेची निमपट करावी आणि शेवटी त्यातून मनातली मूळ संख्या वजा करावी. उत्तर ९ येते. मनातली संख्या क्ष मानली, तर पायऱ्या २क्ष, २क्ष + १८, क्ष + ९ आणि ९ अशा होतात, म्हणजे शेवटच्या पायरीला क्ष उरतच नाही आणि मिळवलेल्या संख्येचे निम्मे तेवढे हाती राहते. दुपटीऐवजी तिप्पट करून शेवटी तिनाने भागायला सांगितले, तर मिळवलेल्या संख्येचा तिसरा भाग उरेल. हा खेळ एकट्या माणसाला करून दाखवण्यापेक्षा सगळ्या सभागृहाला एकदम करायला लावावा, कारण प्रत्येकाची संख्या वेगळी असूनही उत्तर एकच आले यातच त्याची खरी गंमत आहे. मिळवायची संख्या आपण न ठरवता पहिल्या रांगेतल्या एखाद्या आजोबांना विचारावी. फक्त ती सम असावी असे आधीच सांगावे, नाहीतर निमपट करताना अर्धा येतो आणि तोंडी हिशेब करणारे गडबडतात. ती संख्या सगळ्यांनी ऐकलेली असते, तरी उत्तराच्या वेळी ती कोणाच्या ध्यानात राहत नाही. असे असले तरी हा प्रकार दुबळाच म्हणावा लागेल. दहावीतला हुशार मुलगा तो दुसऱ्या वेळी पकडतो, त्यामुळे कार्यक्रमाची सुरुवात करण्यापलीकडे त्याचा उपयोग करू नये.

शेवटची वजाबाकी गाळली आणि प्रेक्षकाने अखेरचे उत्तर सांगितले, तर त्याच पायऱ्या उलट्या क्रमाने चालून मूळ संख्येपर्यंत जाता येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) या रीतीला व्यस्तविधी म्हटले आहे: गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ. पायऱ्या पाच-सहा असल्या तरी त्यांची जुळणी अशी करावी, की उलट जाताना आपल्याला प्रत्यक्षात एकच वजाबाकी करावी लागेल. वरच्या उदाहरणात प्रेक्षकाचे तीन पायऱ्यांचे काम आपल्यासाठी ‘उत्तरातून ९ वजा’ एवढेच उरते.

नाहीशा होणाऱ्या संख्यांचा खरा दिमाख १०८९ मध्ये दिसतो. प्रेक्षकाने एक तीन अंकी संख्या घ्यावी, जिचा पहिला आणि शेवटचा अंक वेगळा असेल. ती उलटी लिहावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेली वजाबाकी पुन्हा उलटी लिहून या वेळी दोन्हींची बेरीज करावी. समजा ७३२ घेतले: ७३२ − २३७ = ४९५, आणि ४९५ + ५९४ = १०८९. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी उत्तर १०८९च येते. याचे कारण शाळेत शिकलेल्या हातच्यात आहे. मोठ्या संख्येचा एककाचा अंक खालच्या अंकापेक्षा लहान असल्यामुळे दशकाकडून हातचा घ्यावाच लागतो. दशकाचे अंक वर आणि खाली सारखेच असतात, पण वरचा एकाने कमी झालेला असल्यामुळे त्यालाही शतकाकडून हातचा घ्यावा लागतो आणि तिथे ९ उरतो. मधला अंक प्रेक्षकाने काहीही निवडला तरी वजाबाकीच्या मध्यभागी ९च येणार हे यावरून ठरते. पहिल्या आणि शेवटच्या अंकांतला फरक फ असेल, तर वजाबाकीत शतकस्थानी फ − १ आणि एककस्थानी १० − फ येतात, आणि या दोहोंची बेरीज नेहमी ९ असते. म्हणून उलटी संख्या मिळवताना एककाचे ९, दशकाचे ९ + ९ म्हणजे १८, आणि शतकाचे पुन्हा ९ होतात: ९०० + १८० + ९ = १०८९.

येथे एक अडचण आहे आणि ती ठाऊक नसेल तर भर कार्यक्रमात फजिती होते. अंकांतला फरक १च असेल, उदाहरणार्थ ५३४, तर वजाबाकी ९९ येते. ती दोन अंकी समजून उलटी केल्यास पुन्हा ९९च मिळतात आणि बेरीज १९८ होते. ती ०९९ अशी लिहिली तर ०९९ + ९९० = १०८९ हे बरोबर जमते. म्हणून ‘उत्तर दोन अंकी आले तर पुढे शून्य लावा’ हे सांगावे, किंवा त्याहून बरे म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अंकांत किमान दोनचा फरक ठेवायला सांगावे. उत्तर ‘एक हजार एकोणनव्वद’ असे तोंडाने सांगणे कोरडे वाटते. त्याऐवजी घरातले एखादे जाड पुस्तक प्रेक्षकाच्या हाती देऊन १०८ वे पान आणि ९ वी ओळ काढायला सांगावी, आणि त्या ओळीचा पहिला शब्द आधीच पाकिटात घालून ठेवावा. १०८ हा आकडा जपमाळेमुळे आपल्याकडे इतका परिचित आहे, की तो मुद्दाम आणला असेल अशी शंका कोणी घेत नाही. मात्र हा खेळ एका बैठकीत दुसऱ्यांदा करू नये.

आता झुलीची जात. जन्मतारीख ओळखण्याचे जेवढे खेळ आहेत ते बहुतेक याच जातीचे आहेत. महिना शंभरपट करून त्यात तारीख मिळवली, तर दोन्ही एका संख्येत शेजारी शेजारी बसतात. पण ‘महिन्याला १०० ने गुणा’ असे म्हटले तर लहान मूलसुद्धा हसेल. म्हणून १०० चे ४ आणि २५ असे दोन तुकडे करावेत आणि त्यांच्या मध्ये एक बेरीज घालावी. प्रेक्षकाने महिन्याच्या क्रमांकाला ४ ने गुणावे, ३ मिळवावेत, आलेल्या संख्येला २५ ने गुणावे आणि त्यात तारीख मिळवून फक्त अखेरचे उत्तर सांगावे. मधल्या ३ चे २५ ने गुणल्यावर ७५ होतात, आणि तेवढीच झूल आपल्याला काढायची असते. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी घेऊन पाहू: महिना ८, म्हणून ३२, मग ३५, मग ८७५, तारीख १ मिळवून ८७६. त्यातून ७५ गेले की ८०१ उरतात. शेवटचे दोन अंक तारखेचे आणि त्याआधीचे महिन्याचे, म्हणजे १ ऑगस्ट. तोंडी ७५ वजा करणे जड वाटत असेल तर १०० वजा करून २५ मिळवावेत. स्वतःचा नवा खेळ रचायचा असेल तर ३ च्या जागी ७ घ्या, झूल १७५ ची होईल. ४ आणि २५ च्या जागी ५ आणि २० घ्या, झूल त्याप्रमाणे बदलेल. मध्ये मिळवलेल्या संख्येला तिच्यानंतरच्या सगळ्या गुणाकारांनी गुणले की झूल मिळते, एवढा एकच नियम ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

या सगळ्या प्रकारांत नऊचा खेळ मला सर्वांत सरस वाटतो, कारण तो पुन्हा पुन्हा करता येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळे येते. प्रेक्षकाने आपल्या दुचाकीचा क्रमांक घ्यावा, म्हणजे एमएच-१२ आणि अक्षरे सोडून शेवटचे चार अंक. समजा ते ७३५८ आहेत. अंकांची बेरीज करावी, ती २३ येते, आणि मूळ संख्येतून वजा करावी: ७३५८ − २३ = ७३३५. या उत्तरातला कोणताही एक अंक मनातल्या मनात खोडून उरलेले अंक कोणत्याही क्रमाने सांगावेत. प्रेक्षक म्हणतो, पाच, सात, तीन. बेरीज १५; तिच्यापुढची नऊच्या पाढ्यातली संख्या १८; म्हणून खोडलेला अंक ३. यामागचे कारण स्थानिक किमतीत आहे. ७३५८ मध्ये सात हजार म्हणजे ९९९ सात वेळा आणि वर ७, तीनशे म्हणजे ९९ तीन वेळा आणि वर ३, पन्नास म्हणजे ९ पाच वेळा आणि वर ५. अंकांची बेरीज वजा करताना हे वरचे ७, ३, ५ आणि एककाचे ८ निघून जातात आणि उरते ते सगळे नऊच्या पटीत. जी संख्या नऊच्या पटीत असते तिच्या अंकांची बेरीजही नऊच्या पटीत असते, त्यामुळे एक अंक लपवला तर बाकीचे अंक त्याची चहाडी करतात.

सांगितलेल्या अंकांची बेरीजच ९, १८ किंवा २७ आली तर खोडलेला अंक ० होता की ९, हे कळायला मार्ग नसतो. त्यासाठी आधीच सांगून ठेवावे, की शून्याला खोडून काय मिळणार, एखादा भरीव अंक खोडा. मग अशा वेळी निःशंकपणे ९ म्हणावे. गाडी नसणाऱ्यांसाठी पिनकोड चालतो. कोथरूडचा ४११०३८ घेतला तर अंकांची बेरीज १७, वजा करून ४११०२१, आणि त्याच्या अंकांची बेरीज ९. सदाशिव पेठेचा ४११०३० मुळातच नऊने भागला जातो, त्यामुळे तेथील रहिवाशांनी वजाबाकी केली नाही तरी चालते. आपल्याला वेगळा नियम लागू आहे याचे पेठेत कोणाला फारसे नवल वाटणार नाही.

गाडीच्या त्याच चार अंकांवर आणखी एक खेळ करता येतो आणि त्याचे पुण्याशी नाते आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते, आणि १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येचा विलक्षण गुण सापडला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया करत राहायचे. ७३५८ वरून निघाले तर ८७५३ − ३५७८ = ५१७५, मग ७५५१ − १५५७ = ५९९४, आणि पुढे ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. येथे पोहोचल्यावर ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४च देते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हा मुक्काम येतो, आणि आपल्या उदाहरणाने त्या सातही घेतल्या. अट एवढीच, की चारही अंक एकच नसावेत, आणि मध्ये तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य लावून ते चार अंकी करावे. जादा पैसे भरून ११११ असा चॉइस नंबर घेतलेल्यांना हा खेळ करता येत नाही.

असे का होते याला १०८९ सारखे दोन ओळींचे उत्तर नाही, पण काम किती लहान आहे ते मात्र दाखवता येते. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांत पहिल्या व चौथ्या अंकातला फरक प आणि दुसऱ्या व तिसऱ्यातला फरक ट मानला, तर पहिली वजाबाकी नेहमी ९९९प + ९०ट असते. ७३५८ साठी प = ५ आणि ट = २, म्हणून ४९९५ + १८० = ५१७५. प हा १ ते ९ मधला आणि ट हा ० ते प मधला असल्यामुळे अशा जोड्या सगळ्या मिळून ५४ होतात. म्हणजे चार अंकी जगातल्या जवळजवळ दहा हजार संख्या पहिल्याच पायरीला ५४ संख्यांत कोंबल्या जातात, आणि त्या ५४ मधून ६१७४ ला जाणाऱ्या वाटा एका दुपारी कागदावर तपासून होतात. हा खेळ फळ्यावर करवून घ्यावा आणि ६१७४ लिहिलेली चिठ्ठी आधीच कोणाच्या तरी खिशात ठेवावी. मधल्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत आहे ना, हे मनात पाहत राहावे. ती तशी नसेल तर वजाबाकी चुकली आहे, आणि त्याच क्षणी ‘पुन्हा एकदा बघा’ असे म्हणता येते.

तिसऱ्या जातीत प्रेक्षक स्वतःच संख्या सांगत असतो. यासाठी पाच कार्डे करावी लागतात. अप्पा बळवंत चौकात कार्डशीट मिळते, पण जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजूही चालते. तारखा १ ते ३१ असतात आणि पाच कार्डांत नेमक्या तेवढ्याच संख्या बसतात, म्हणून जन्मतारखेसाठी हा खेळ फार सोयीचा आहे. कार्डांवर पुढीलप्रमाणे संख्या लिहाव्यात.

पहिले: १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, २९, ३१.
दुसरे: २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५, १८, १९, २२, २३, २६, २७, ३०, ३१.
तिसरे: ४ ते ७, १२ ते १५, २० ते २३, २८ ते ३१.
चौथे: ८ ते १५ आणि २४ ते ३१.
पाचवे: १६ ते ३१.

प्रत्येक कार्डावर सोळा संख्या येतात, म्हणून चार ओळी आणि चार रकाने अशी चौकट आखली की ती नीटनेटकी दिसते. प्रेक्षकाने आपली तारीख ज्या ज्या कार्डावर आहे ती कार्डे आपल्या हाती द्यावीत. आपण त्या कार्डांवरच्या सर्वांत लहान संख्यांची बेरीज करावी. शिवजयंतीची १९ तारीख पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या कार्डावर आहे, आणि १ + २ + १६ = १९. ३१ पर्यंतची कोणतीही संख्या १, २, ४, ८, १६ यांच्या बेरजेने एकाच प्रकारे लिहिता येते, प्रत्येक पद एकदाच वापरून, आणि ज्या पदांची ती बेरीज आहे त्याच कार्डांवर ती संख्या आपण लिहिलेली असते. प्रेक्षक पाच वेळा ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणतो आणि पाच वेळा दोन पर्याय म्हणजे २ × २ × २ × २ × २ = ३२ उत्तरे होतात. वृत्तांचा अभ्यास केलेल्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल, कारण पाच अक्षरांच्या चरणात लघु आणि गुरू मांडण्याचे प्रकारही ३२च होतात, आणि पिंगलाच्या छंदःशास्त्रात ही मोजणी आलेली आहे. सगळीकडे ‘नाही’ म्हणणाऱ्याची संख्या ० ठरते. तारखांत ० नसल्यामुळे तसे झाले तर कार्डे नीट पाहिलेली नाहीत असे समजावे.

कार्डांवरच्या संख्या चढत्या क्रमाने लिहिल्या तर युक्ती लवकर उघडी पडते. त्या विस्कळीत लिहाव्यात, सर्वांत लहान संख्या मात्र ठरावीक जागी, समजा उजवीकडच्या खालच्या चौकोनात ठेवावी. त्याहून सफाईदार उपाय म्हणजे पाच कार्डांना पाच रंगांच्या किनारी द्याव्यात आणि रंगांच्या किमती पाठ कराव्यात. मग संख्यांची बाजू न पाहताच तारीख सांगता येते. वय ओळखण्यासाठी ३२ ने सुरू होणारे सहावे कार्ड जोडले की ६३ पर्यंत जाता येते. पुण्यातल्या सोसायटीत पहिल्या दोन रांगांचे वय त्यापुढे असते, म्हणून ६४ चे सातवे कार्डही करावे लागेल, पण तेव्हा प्रत्येक कार्डावर ६४ संख्या होतात आणि आजींना त्यांत आपले वय शोधायला चष्मा लागतो. शिवाय स्त्रियांना वय विचारण्यापेक्षा तारीख विचारणे केव्हाही बरे.

प्रेक्षकाच्या बेरजा-वजाबाक्या हीच या सगळ्या खेळांतली कच्ची बाजू असते. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर वापरायला खुशाल परवानगी द्यावी. त्याने खेळाची किंमत कमी होत नाही. जन्मतारखेच्या खेळात झूल काढल्यावर महिना १२ च्या पुढे किंवा तारीख ३१ च्या पुढे गेली, तर चूक तिकडे झाली आहे हे उघड असते. अशा वेळी प्रेक्षकाला दोष न देता त्याच्या शेजारच्याला मदतीला घ्यावे आणि पहिल्या गुणाकारापासून पुन्हा करायला सांगावे. ४ ने गुणून आलेल्या संख्येतच ३ मिळवायचे असतात, पण पुष्कळ जण आधी ३ मिळवून मग ४ ने गुणतात. तसे झाले तर महिना ८ चा ४४ होऊन पुढे ११०० आणि तारीख येते. ७५ ऐवजी ३०० वजा केले की हेही उत्तर सुटते, आणि ज्याला हे तिथल्या तिथे सुचते त्याला पुन्हा आकडेमोड करवून घ्यावी लागत नाही.